अनुजाच्या सासऱ्यांनी कापलेला दोरा

अनुजाच्या सासऱ्यांइतकं कमी बोलून समोरच्याचं एवढं नुकसान करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. अठरा वर्षांपूर्वी मनमाडहून आयर्लंडला आलो तेव्हा हॉटेलच्या मोरीत कढया घासत होतो. आज लूकनमध्ये माझं स्वतःचं भारतीय किराण्याचं दुकान आहे. घाऊक बाजारातले दलाल मला पाहिलं की आधी घड्याळ बघतात, कारण माझ्याशी भाव ठरवायला किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक आहे. आवाज चढवणं, पाठ फिरवून दारापर्यंत जाणं, परत येणं, हे सगळं मला येतं. पण दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत अनुजा तिच्या सासऱ्यांना घेऊन दुकानात आली, त्यांनी कोथिंबिरीची एक जुडी उचलली, उजेडाकडे धरली, आणि ते जुडीकडे नुसते बघत राहिले. मी भाव सांगितला. ते गप्प. मी थोडा उतरलो. ते गप्प. आणखी उतरलो, मग चिडलो, मग चिडल्याची लाज वाटून जुडी तशीच दिली आणि वर कढीपत्ता घातला. म्हातारा बहिरा असावा असं मला वाटलं. संध्याकाळी अनुजा म्हणाली, "छे हो दादा, बाबांना छान ऐकू येतं. ते जुडीवर किती पाणी मारलंय ते बघत होते."

अनुजा दुकानाजवळच्या ॲडम्सटाउनमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. ती आणि तिचा नवरा दोघंही सॉफ्टवेअरमधले, नागपूरचे, स्वभावाने गोड. सासरे मात्र भंडाऱ्याचे, वय बहात्तर, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी वैनगंगेच्या काठी पाण्याची उंची आणि वेग मोजला होता आणि निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी नीट समजावून सांगितलं नसावं. तीन महिन्यांसाठी आले आणि कोरोनाच्या साथीत विमानं बंद झाल्यामुळे अडकले. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये असा सरकारचा आदेश होता, त्यामुळे त्यांनी घरातलंच पाणी मोजायला घेतलं. नळाखाली स्टीलचा पेला धरून हातातल्या घड्याळावर तो किती सेकंदांत भरतो ते पाहायचे आणि मुलाला सांगायचे, "सकाळपेक्षा धार कमी आहे." मुलगा बिचारा कॉलवर असायचा. पाऊस लागला की खिडकीशी उभं राहून समोरच्या घराच्या पन्हाळीतून पाणी कुठे चुकतंय ते बोटाने हवेत काढायचे. या देशात पाऊस थांबायला विसरतो, म्हणजे त्यांना कामाला तोटा नव्हता. मे महिन्यात पाच किलोमीटरच्या आत फिरायची मुभा मिळाली त्या दिवशी ते कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, दारात उभे होते. अनुजा आमच्याकडे आली. दोघांच्याही मीटिंगा. "दादा, तुम्ही दुकान उशिरा उघडता ना हल्ली? बाबांना जरा नदीपर्यंत नेऊन आणाल? पण तुमच्या भरवशावर सोडतेय हं. त्यांना पाणी दिसलं की काही सुचत नाही." मी शब्द दिला. मी दिलेला शब्द पाळतो. कोणी कोणाला परत आणलं याबद्दल मात्र अनुजाशी मी आजवर चर्चा केलेली नाही.

दोन मीटरचं अंतर राखायचं म्हणून आम्ही रस्त्याच्या दोन कडांनी चालायचो आणि जे काही बोलायचं ते ओरडून. ओरडणारा अर्थात मीच. लिफी नदी आमच्याकडून तासाभराच्या चालीवर आहे. पहिल्या दिवशी त्यांनी खिशातून संत्र्याची साल काढली, पाण्यात टाकली, आणि ती वाहत जाईपर्यंत ओठांत आकडे मोजले. मग दुसरी साल, थोडी पलीकडे. मग तिसरी. अर्धं संत्रं संपेपर्यंत मी गप्प बसलो, तो माझा उच्चांक असेल. शेवटी ते म्हणाले, "भाऊ, मासा तिथं आहे. त्या मोठ्या गोट्याच्या मागं."

"दिसला?"

"दिसत नाई. पण तो कायले भांडंल धारेशी? धार जिथं वाकते तिथं तो बसते, अन् खाणं आपणहून त्याच्या तोंडाशी येते."

मी मनमाडचा. आमच्याकडे पाणी टँकरने येतं आणि वाकत वगैरे नाही, सरळ बादलीत पडतं. मी हसलो. तेवढ्यात त्या गोट्यामागे पाणी फुगलं, एक पाठ वर आली, तपकिरी, ठिपक्यांची, माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आणि सावकाश परत खाली गेली. ट्राउट. मी दुकानदार आहे, वजन डोळ्यांनी सांगतो. अडीच किलोला एक ग्रॅम कमी नव्हता. त्या क्षणी मी ठरवलं की हा मासा माझा. या देशात जे हवं वाटलं ते मी मिळवलं आहे, आणि हा तर नुसता मासा.

परवाने काढले, दुकानं उघडल्यावर गळाच्या दोन काठ्या घेतल्या. मी जाड दोरा घेतला आणि त्याला वजन म्हणून वाटाण्याएवढ्या गोळ्या घेतल्या, कारण पाण्याला जोर होता आणि जोराला जोर हा माझा आजवरचा अनुभव. अनुजाचे सासरे दुकानभर फिरले आणि सर्वांत बारीक दोरा व मोहरीएवढ्या गोळ्यांची डबी घेऊन आले. दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला की तुमच्या या माणसाला सांगा, एवढ्याशा वजनाने काही होणार नाही, ते वाहून जाईल. मी भाषांतर केलं. "वाहूनच जायले पाहिजे," ते म्हणाले. "आपण गांडूळ टाकून राह्यलो, नांगर नाई."

पहिल्या सकाळी माझे आठ गळ तळाच्या दगडांत अडकून तुटले. प्रत्येक वेळी मी ओढायचो, काठी वाकायची, मी शिव्या द्यायचो, आणि फट्. त्यांचा एकही नाही. मग त्यांनी मला त्यांची बांधणी दाखवली, तीही मी तीनदा विचारल्यावर. गळ मुख्य दोऱ्याला असा बांधायचा की तो खाली लोंबत नाही, आडवा बाहेर येतो. त्याच्या खाली वीतभर शेपटी ठेवायची, पण ती शेपटी मुख्य दोऱ्याहून कच्च्या दोऱ्याची. वजन त्या शेपटीला. म्हणजे दगडात अडकलं तर शेपटी तुटते, मोहरीएवढं वजन जातं, आणि गळ, गांडूळ, दोरा सगळं हातात परत येतं. काय तुटू द्यायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं. ही युक्ती मी धंद्यातही उचलली. दलालाशी बोलायला जाताना एक अट मुद्दाम कच्ची ठेवतो. पण माझ्या दुकानात मोहरी, मिरी, मेथीदाणा सगळं असूनही पाण्याला केव्हा मोहरी लागते आणि केव्हा मिरी, हे मला कधी कळलं नाही. ते संत्र्याची साल टाकायचे, मोजायचे, आणि एक गोळी काढून दुसरी लावायचे. वजन तळाला टेकत, उचलत, टेकत गेलं पाहिजे. काठीवर बोट ठेवलं की टक, टक, टक असं जाणवतं. "हे थांबलं की मग?" मी विचारलं. "मंग पाहाचं. गोटा असंल तर मुका राहते. मासा असंल तर तो विचार करून राह्यला असते." मला चार महिने दोन्ही मुकेच लागले.

त्यांच्या आणखीही सवयी होत्या. नदीवर पोचलं की आधी पाण्याच्या कडेला एक चपटा दगड असा ठेवायचे की त्याची फक्त पाठ कोरडी राहील, आणि दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघून यायचे. मी म्हणायचो, काका, तो पळून नाही जाणार. धरलेला प्रत्येक मासा ते पाण्यातच सोडवायचे, ओल्या हातानं, आणि जाताना त्याला काहीतरी सांगायचे. काय सांगता म्हटलं तर म्हणाले, "काई नाई, मोठा हो म्हटलं." त्या काठावर एक आयरिश गृहस्थ कुत्रा घेऊन येत, जुने मासेमार. पहिल्यांदा त्यांनी ती मोहरी बघून मिशीत हसून घेतलं. पंधरवड्याने ते जवळ आले, दोन मीटरवर उभे राहिले आणि म्हणाले, जरा बांधून दाखवता का. अनुजाच्या सासऱ्यांना इंग्रजी येत होतं, पण ते त्यांनी वापरलं नाही. एकाने हात वर धरून हळूहळू गाठ मारली, दुसऱ्याने लांबून तशीच मारली, चुकली, परत मारली. अर्ध्या तासाने ते गृहस्थ 'ग्रँड' म्हणाले आणि यांनी 'हाव' म्हणून मान हलवली. मला अठरा वर्षांत या गावात कोणी इतक्या आदराने काही विचारलेलं नाही. थोडी जळजळ झाली हे कबूल करतो.

गोट्यामागचा तो मासा मात्र आमच्या कोणाच्याच हाताला लागत नव्हता. खरं तर त्यांना तो लागला असता. एकदा त्यांची काठी थांबली, वाकली, आणि त्यांनी माझ्याकडे बघून दोरा सैल सोडला. मासा गेला. "तुमचा आहे न तो," एवढंच म्हणाले. दान म्हणून मिळालेली गोष्ट मला चालत नाही, म्हणून मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते जाणवलं असेल असं वाटत नाही.

सप्टेंबरात त्यांना परतीच्या विमानात जागा मिळाली. गुरुवारची. ट्राउटचा हंगामही त्याच आठवड्यात संपत होता. म्हणजे माझ्याकडे एकच रविवार उरला होता. शनिवारी रात्रभर वर कुठेतरी पाऊस पडला होता, पण रविवारी दुपारी ऊन होतं आणि पाणी किंचित गढूळ, मासा बेसावध राहावा तितकंच. नदीत गुडघाभर पाण्यातून वीसेक पावलं चालत गेलं की खडीचा एक पट्टा वर येतो. तिथून तो गोटा हातभरावर भासतो. मी तिकडे गेलो. ते काठावर थांबले, त्यांनी आपला चपटा दगड ठेवला, संत्र्याची साल टाकली आणि म्हणाले, "मिरी लावा." मी मिरी लावली. दोरा धारेच्या वरच्या अंगाला टाकला, बोट काठीवर ठेवलं. टक. टक. टक. गोट्याच्या कडेला आलं आणि थांबलं.

ते मुकं नव्हतं. एवढं मला त्या दिवशी प्रथमच कळलं. जणू पलीकडे कोणीतरी हाताला हात लावून थांबलं होतं. मी काठी उचलली आणि नदीच हलली. तो धारेत गेला, काठीचं रील ओरडायला लागलं, आणि काकांकडून घेतलेला तो केसासारखा दोरा पाण्यावर ताणून वाजायला लागला. माझा सगळा स्वभाव ओढ म्हणत होता. मागून आवाज आला, "ओढू नोका. जाऊ द्या. दमू द्या त्याले." मी जाऊ दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याला जाऊ दिलं. तो गेला, थांबला, मी दोन हात दोरा परत घेतला. पुन्हा गेला. किती वेळ गेला ठाऊक नाही, पण एकदा तो कुशीवर झाला आणि त्याचं पोट पिवळं चमकलं. आता फक्त जवळ आणायचा होता.

"भाऊ, बाहेर या."

मी म्हटलं, दोन मिनिटं.

"दगड बुडला. वरून पाणी सोडलं आहे. बाहेर या."

त्या नदीवर वर धरण आहे आणि पाणी सोडलं की ते अचानक वाढतं, तशी पाटीसुद्धा काठावर आहे. मी ती शेकडो वेळा वाचली होती. पण मला पाण्यात काही फरक दिसला नाही. पायाखाली खडी कोरडी होती, ऊन होतं, आणि माझा मासा दहा हातांवर होता. मी ओरडलो, "दोन मिनिटं म्हटलं ना काका." मग मला मागे पाण्यात पावलांचा आवाज आला. बहात्तर वर्षांचा तो माणूस कोट घातलेला, पँट न दुमडता, गुडघ्याच्या वर पाण्यातून चालत माझ्याकडे येत होता. चालता चालता त्यांनी खिशातून नखं कापायची कात्री काढली. मी काठी त्यांच्यापासून लांब फिरवली. त्यांनी हात लांब करून दोरा दोन बोटांत धरला आणि कापला. काठी एकदम सरळ झाली. इतकी हलकी की मी मागे पडायला आलो.

"चल लेका," ते म्हणाले आणि माझं मनगट धरलं. त्याआधी त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

येताना गुडघाभर असलेलं पाणी जाताना मांडीला लागत होतं. ते मला सरळ काठाकडे नेत नव्हते; तिरके, धारेबरोबर खाली उतरत, एकेक पाऊल आधी घासून बघत. एकदा माझा पाय उचलला गेला आणि जमिनीला परत लागला नाही. त्यांनी हात सोडला नाही. काठावर आल्यावर मी मागे पाहिलं तर खडीचा पट्टा होता. मी तेवढ्याच आधारावर बोलायला सुरुवात केली. पट्टा अजून कोरडा आहे, मला दोन मिनिटं हवी होती, चार महिने घातले, तुम्हाला घाबरायची सवय आहे. आणि त्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी पुढे म्हणालो, "म्हणूनच तुम्ही जन्मभर दुसऱ्याचं पाणी मोजत बसलात. स्वतःसाठी काही करायची छाती लागते." ते काठावर बसून बुटातलं पाणी काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी बोलत असतानाच पाणी त्या पट्ट्यावरून गेलं, आवाज न करता, आणि तिथे पट्टा होता हे सांगायला काही उरलं नाही. मी गप्प झालो. गप्प झालो, माफी मागितली नाही. परत येताना आम्ही रस्त्याच्या दोन कडांनी चाललो आणि त्या दिवशी कोणीच ओरडत नव्हतं. दारात अनुजा म्हणाली, "बाबा, पँट भिजली?" ते म्हणाले, "पाय घसरला." माझं नाव घेतलं नाही.

चार दिवस मी भिंतीपलीकडे गेलो नाही. माझं म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे, की तो मासा पुढच्या दोन मिनिटांत बाहेर आला असता; कापायच्या आधी त्यांनी मला एकदा विचारायला हवं होतं. आमची ही म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?" काही प्रश्न बायकोने विचारू नयेत. गुरुवारी सकाळी त्यांची टॅक्सी येणार होती. त्या दिवशी माल येतोय म्हणून मी पहाटेच दुकानात गेलो. माल शुक्रवारी यायचा होता. रिकाम्या दुकानात मी बराच वेळ मेथीदाण्याची पाकिटं मांडत बसलो, आणि मग आभाळात एक विमान गेलं. त्यांचं होतं की नाही कोण जाणे. दिवसभर मी दोन गिऱ्हाइकांशी भांडलो आणि दोन्ही भांडणं हरलो.

हिवाळा दुकान उघड-बंद करण्यात गेला. पुढच्या मार्चात हंगाम सुरू झाला तेव्हा पुन्हा पाच किलोमीटरचा नियम होता आणि नदी पुन्हा पाच किलोमीटरच्या आत होती. मी एकटा गेलो. शेपटीची गाठ मारली, ती सुटली. परत मारली, परत सुटली. संत्र्याची साल टाकली, ती वाहत गेली, पण काय मोजायचं ते कळेना. अनुजाकडून नंबर महिनाभरापूर्वीच घेतला होता. उगाच, सणाला शुभेच्छा द्यायला म्हणून. पँट गुडघ्यापर्यंत वर केली, धारेत चार पावलं गेलो म्हणजे आवाज नीट जाईल, आणि व्हिडिओ कॉल लावला. भंडाऱ्यात दुपार होती. बनियनवरचा एक माणूस पडद्यावर आला, कपाळाचा अर्धा भाग दिसत होता. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. "काका," म्हटलं, "मोहरी लावू की मिरी?"

ते म्हणाले, "फोन पाण्याकडे कर." मी केला. भंडाऱ्यात बसून ते लिफी ऐकत होते आणि मी हात लांब करून उभा होतो, तो अवघडला तरी खाली घेतला नाही. बऱ्याच वेळाने आवाज आला.

"किती आत उभा आहे तू?"

"काठावर आहे काका," मी म्हणालो, आणि फोन तसाच पाण्याकडे धरून, पाय घासत, आवाज न करता काठावर गेलो.